निष्ठा मागायची ती कोणाकडे?

मे महिना लागला की बऱ्हाणपुरात दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. केळीचे ट्रक तेवढे ये-जा करत असतात आणि गल्लीबोळांतून पॉवरलूमची खडखड ऐकू येते. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले सहकारी आयपीएलचा हिशेब मांडतात आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर मोबाईल उघडून गोव्याच्या बातम्या वाचत बसतो. फुटबॉलचा हंगाम तेव्हा संपलेला असतो, पण माझ्यासारख्या फुटबॉलवेड्याचा दुसरा हंगाम तिथूनच सुरू होतो. कोण राहिला? कोण गेला? कोणाचा करार दोन वर्षांनी वाढला? मैदानावर एकही गोल होत नाही, तरी काळीज वरखाली होतच असते.

या गावात एफसी गोवाचा मी एकटाच चाहता असावा. ताप्तीकाठच्या या शहराला मोगल बादशहांची, मुमताजच्या मृत्यूची, मावा जिलेबीची आणि केळीची महती पुरेपूर ठाऊक आहे. फातोर्डा म्हटले तर मात्र लोक विचारतात, "ये कौनसी मिठाई है?" त्यामुळे आपला आनंद आणि आपला संताप, दोन्ही एकट्यानेच गिळायचे. २०२४च्या उन्हाळ्यात मात्र संताप गिळवेना. ब्रँडन फर्नांडिस गोवा सोडून मुंबई सिटीत गेल्याची बातमी आली होती.

ज्यांना फुटबॉलचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ब्रँडन हा आमचा, गोव्याचा. २०१७ साली तो एफसी गोवात आला आणि सात हंगाम खेळला. कर्णधार झाला. त्याच्या डाव्या-उजव्या पायांतून सुटणारा पास पाहण्यासाठी तिकीट काढावे असा खेळाडू. त्याच वर्षी २४ एप्रिलला फातोर्ड्यावर मुंबई सिटीविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. बोरिस सिंगने एक गोल केला, ब्रँडनने दुसरा. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आम्ही २-० ने पुढे होतो आणि त्यानंतरच्या काही मिनिटांत मुंबईने तीन गोल केले! मी इथे भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसून तो सामना पाहिला. शिट्टी वाजल्यावर बराच वेळ जागचा हललो नाही. आणि ज्या संघाने ते तीन गोल घातले, त्याच संघात आमचा कर्णधार महिन्या-दीड महिन्यात जाऊन बसला. आता बोला!

त्या संध्याकाळी घरमालकांच्या ओट्यावर बसून मी माझी सगळी भडास काढली. घरमालकांचे स्वतःचे चार माग आहेत. सुताचा धंदा त्यांना वडिलांकडून मिळालेला, फुटबॉल कशाशी खातात हे ठाऊक नाही. तरी त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला.

"भाईसाब, उस लड़के का ठेका पूरा हो गया था, कि बीच में छोड़ के गया?"

"पूरा हो गया था."

"फिर गाली काहे की?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी आपल्या धंद्याचे गणित सांगितले. बऱ्हाणपुरात बहुतेक मागवाल्यांचे स्वतःचे सूत नसते. सेठ सूत देतो, मागवाला कापड विणून परत करतो आणि मीटरवर मजुरी घेतो. बाजार चढला की सेठ रोज माणूस पाठवतो, "माल कधी देतोस?" म्हणून. बाजार पडला की तोच सेठ सूत देणे बंद करतो आणि माग उभे राहतात. तेव्हा सेठला कोणी बेइमान म्हणत नाही, धंद्यात मंदी आली असे म्हणतात. पण मागवाल्याने चार पैसे जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या सेठचे सूत मागावर चढवले, तर मात्र तो नमकहराम! हे सांगून ते हसले आणि चहा प्यायला आत गेले.

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही, आणि कारण उकाडा नव्हता.

मला २०२० साल आठवले. एफसी गोवाच्या चाहत्याला ते साल विसरता येणार नाही. सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाने २०१७पासून जो संघ बांधला होता, तसा देखणा खेळ करणारा संघ मी तरी भारतात पाहिलेला नाही. कोरोने तीन हंगामांत ४८ गोल केले, त्यातल्या पहिल्या दोन हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान त्याचाच. मधल्या फळीत अहमद जाहू, पुढे ह्युगो बुमूस, मागे मुर्तदा फॉल आणि डाव्या बाजूने धावणारा आमचा मंदार राव देसाई. मंदार म्हणजे २०१४ साली क्लब जन्माला आला तेव्हापासूनचा खेळाडू, सलग सहा हंगाम, कर्णधारपदही सांभाळलेला. २०१९ साली याच संघाने सुपर कप जिंकला. २०२०च्या फेब्रुवारीत जमशेदपूरला ५-० ने हरवून साखळीत पहिला क्रमांक पटकावला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. एवढासा गोवा आणि एवढा मोठा मान!

आणि मग? ज्या संघाने तो मान मिळवला, तो संघ त्या स्पर्धेत उतरलाच नाही. हंगाम संपल्यावर लोबेरा मुंबई सिटीचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या पाठोपाठ जाहू, फॉल, बुमूस आणि मंदार असे चौघेही मुंबईला गेले. बुमूसचा तर करार शिल्लक होता, त्याच्या सुटकेची रक्कम मोजून त्याला नेले. कोरो भारत सोडूनच गेला. पुढच्या जानेवारीत लेनी रॉड्रिग्जसुद्धा कोलकात्याला एटीके मोहन बागानकडे गेला. महामारीमुळे २०२०-२१चा अख्खा हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत झाला. उपांत्य फेरीत आमची गाठ पडली ती मुंबईशीच. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टीवर आम्ही ६-५ ने हरलो. मग १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याच्या हिरवळीवर, आमच्या घरात, मुंबईने करंडक उचलला. त्या फोटोत मंदार होता.

तो फोटो पाहून मी मंदारला काय काय म्हटले ते इथे लिहिण्यासारखे नाही. "विकला गेला" हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. माझ्यासारखे शेकडो होते. गंमत अशी, की परदेशी खेळाडूंवर आमचा तेवढा राग नव्हता. जाहू मोरोक्कोचा, फॉल सेनेगलचा, त्यांना गोवा काय आणि मुंबई काय! सगळा राग होता तो आपल्या माणसावर. आपला होता म्हणून त्याने कमी पैशांत राहायला हवे होते, असे आमचे म्हणणे. म्हणजे आपलेपणाची किंमत वसूल करायची ती फक्त आपल्याच माणसाकडून. हा कुठला न्याय?

इथे मला माझ्याविषयी थोडे सांगावे लागेल. नाहीतर हा लेख लिहिण्याचा अधिकार मला उरणार नाही.

मी सरकारी कारकून आहे. बढती हवी असेल तर बदली घ्यावी लागेल, असे मला २०२३ साली सांगण्यात आले. नाकारली असती तर त्याच खुर्चीवर, त्याच पगारात, गोव्यातच राहता आले असते. मी बढती घेतली. मुलाच्या शिक्षणाचा खर्च दिसत होता, घराच्या छपराचे काम बाकी होते. म्हातारी आई एकटी मागे राहिली. निघताना तिला वाईट वाटणार हे ठाऊक होते, पण ती एवढेच म्हणाली, "वच पूता. घर खंय पळून वचना." गावात कोणी मला गद्दार म्हटले नाही. उलट देवळाच्या मंडपात नारळ देऊन सत्कार झाला, "आमचो झील व्हड सायब जालो" म्हणून!

आता सांगा, मंदारने काय वेगळे केले होते? करार संपल्यावर जास्त चांगली संधी घेतली. माझी नोकरी तर साठाव्या वर्षापर्यंत पक्की. गुडघा दुखला तर रजा मिळते, आजारी पडलो तर औषधपाणी मिळते. फुटबॉलपटूचे तसे आहे का? तिशी उलटली की त्याचे वय विचारायला लागतात. एक चुकीचा टॅकल आणि सगळा संसार बाकावर. पंधरा वर्षांत आयुष्यभराची कमाई करायची, आणि तीही दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांनी. अशा माणसाला कायम नोकरीतल्या कारकुनाने निष्ठेचे धडे द्यावेत यासारखा विनोद नाही.

करार म्हणजे काय हेही आपण चाहते नीट समजून घेत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. मुदत संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरले, की तो दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाची बोलणी करून सहीसुद्धा करू शकतो. मुदत संपली की तो मोकळा. हा मोकळेपणा खेळाडूंना कोणी खिरापत म्हणून वाटलेला नाही. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मान नावाचा एक साधा खेळाडू त्यासाठी न्यायालयात झगडला. करार संपूनही जुना क्लब त्याला सोडायला पैसे मागत होता. १५ डिसेंबर १९९५ला युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याची स्वतःची कारकीर्द तोवर जवळजवळ संपली होती, पण पुढच्यांना वाट मिळाली. मुदत संपल्यावर जाणाऱ्या खेळाडूला "पळाला" म्हणणे म्हणजे त्या निकालाच्या आधीच्या जगात राहणे.

जुनी मंडळी इथे म्हणतील, की आमच्या वेळी असे नव्हते हो! साळगावकरचा तो साळगावकरचाच, धेंपोचा तो धेंपोचाच. खरे आहे. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी ही नावे धेंपोच्या जर्सीशिवाय डोळ्यांपुढे येत नाहीत. पण ती निष्ठा हवेतून आली नव्हती. गोव्याचे जुने क्लब उद्योगपतींच्या घराण्यांनी चालवले. त्याच्याही आधीपासून बंदर, पोलीस, बँका, कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत. खेळाडू गावातच राहायचा, घरचे जेवून सरावाला जायचा, आणि पाय थकल्यावर काहीतरी आधार असायचा. संस्थेने माणसाला धरून ठेवले, म्हणून माणूस संस्थेला धरून राहिला. आम्ही या व्यवहाराचा अर्धाच भाग लक्षात ठेवला आणि त्याला निष्ठा असे नाव दिले.

त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय झाले तेही पाहू. भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्यात आय-लीग दुसऱ्या पायरीवर ढकलली जाणार म्हटल्यावर २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिन्ही संघांनी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्यांचा निषेध मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. धेंपोने दोनदा राष्ट्रीय लीग आणि तीनदा आय-लीग जिंकलेली, साळगावकरनेही दोन्ही एकेकदा जिंकलेल्या. अशा संघांना कोणीतरी उठून खालच्या पायरीवर बसा म्हणणे हा अपमानच होता. पण त्या निर्णयानंतर कितीतरी गोमंतकीय खेळाडूंना दुसरे दार शोधावे लागले. त्यांना कोणी विचारले होते का? क्लब निघून जातो तेव्हा ते तत्त्व असते, आणि खेळाडू निघून जातो तेव्हा ती गद्दारी. ओट्यावर ऐकलेली सेठ आणि मागवाल्याची गोष्ट ती हीच.

एफसी गोवाचेच घ्या. ज्या लोबेराच्या जाण्याने आम्ही हळहळलो, त्याला क्लबनेच ३१ जानेवारी २०२०ला काढले होते. संघ तेव्हा गुणतक्त्यात पहिला होता आणि साखळीतले तीनच सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडाने हंगामी सूत्रे घेऊन ते तिन्ही सामने जिंकून दिले, हा त्याचा मोठेपणा. पण ज्या प्रशिक्षकाला तुम्ही शेवटच्या वळणावर गाडीतून उतरवले, त्याने दुसरी गाडी धरली आणि त्याच्या विश्वासातले लोक त्याच्या मागे गेले, तर बेइमान कोण? हा प्रश्न आम्ही २०२०त क्लबला विचारायला हवा होता. आम्ही तो मंदारला विचारत बसलो.

पुढच्या वर्षी तसेच. इगॉर अँगुलोने २०२०-२१त आमच्यासाठी १४ गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. वय ३७ म्हणून असेल किंवा आणखी कशासाठी, क्लबने त्याला ठेवले नाही. तो कुठे गेला? अर्थात मुंबईत! २२ नोव्हेंबर २०२१ला नव्या हंगामातल्या आमच्या पहिल्याच सामन्यात मुंबईने आम्हाला ३-० ने हरवले आणि त्यातले दोन गोल अँगुलोचे होते. त्या हंगामात आम्ही नववे आलो. राग यायचा असेल तर तो इथे यावा, कारण हा क्लबने घेतलेला निर्णय होता आणि तो चुकला. त्याच हंगामात डिसेंबरमध्ये प्रशिक्षक हुआन फेरांडो भर हंगामात एटीके मोहन बागानकडे गेला. मधेच जाणे हे मला मंदारच्या जाण्यापेक्षा कितीतरी जास्त खुपते. तरीही ठरलेली रक्कम भरून सुटता येईल हे कलम त्याच्या करारात होतेच, आणि त्या करारावर क्लबचीही सही होती.

म्हणजे एफसी गोवा वाईट क्लब आहे असे मला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. क्लबची अडचण मला कळते. २०१९च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीची ६५ टक्के मालकी घेतली. तेव्हा त्यांच्याशी पैशांची चढाओढ गोव्याने कशी करायची होती? २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची वस्ती साडेचौदा लाख, मुंबईतल्या एखाद्या उपनगराएवढी. मोठा मासा लहान माशाला खाणारच. आज तुम्ही घडवलेला खेळाडू उद्या दुसरा नेणार, ही लहान क्लबची जन्मपत्रिकाच आहे. जगभर हेच चालते. म्हणून लहान क्लबला दोनच गोष्टी हातात ठेवता येतात. जाणाऱ्याला सन्मानाने निरोप द्यायचा, आणि त्याची जागा घेणारा आपल्या गावातून तयार ठेवायचा.

पहिल्या गोष्टीत आपले क्लब फार कंजूष आहेत, आणि हे मी सगळ्याच भारतीय क्लबांविषयी म्हणतो. सात-सात हंगाम खेळलेला माणूस जातो आणि चाहत्याला काय मिळते? एक फोटो, खाली "धन्यवाद", आणि विषय संपला. क्लबने त्याला नवा करार देऊ केला होता का? देऊ केला तर केव्हा, शेवटचा सामना संपल्यावर की सहा महिने आधी? त्याने नाकारला, की क्लबला तो नकोच होता? पैशांचे आकडे सांगू नका, तो दोघांमधला प्रश्न. पण एवढे तरी सांगा! ही माहिती न मिळाल्यामुळे चाहता रिकाम्या जागा स्वतःच्या रागाने भरतो, आणि तो राग हमखास खेळाडूच्या डोक्यावर जातो. क्लब गप्प राहतो, कारण गप्प राहणे त्याला परवडते. शिव्या दुसराच खात असतो ना!

"क्लब हा धंदा आहे, तो प्रत्येक निर्णयाचा खुलासा कशाला करील?" असे माझा एक मडगावचा मित्र म्हणतो. धंदा असेल तर माझे काही म्हणणे नाही. पण मग "फोर्सा गोवा" म्हणून माझ्या काळजाला हात घालू नका. साबणाची कंपनी मला गोव्याची शपथ घालत नाही. तुम्ही गोव्याचे नाव लावता, गोव्याच्या नावाने जर्सी विकता, हरलात तर माझ्या घरात त्या रात्री कोणी धड जेवत नाही. मग उत्तर द्यायची जबाबदारीही घ्या. निष्ठा ही संस्थेला शोभणारी गोष्ट आहे. खेळाडूची पंधरा वर्षे असतात, संस्थेला पन्नास-शंभर वर्षे जगायचे असते.

२०२५ साली तर हे आणखी उघडे पडले. त्या वर्षी जुलैत आयएसएलच स्थगित झाली. स्पर्धा चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा होत नव्हता. काही क्लबांनी काम थांबवले, खेळाडूंच्या पगाराची पंचाईत झाली, आणि २०२५-२६चा हंगाम ठरल्या वेळी सुरू झालाच नाही. ज्या करारांवरून आम्ही दर उन्हाळ्यात खेळाडूंना नावे ठेवत होतो, ते कागद वरच्यांच्या एका न झालेल्या सहीने लटकले. घरमालकांना मी हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सेठ ने सूत बंद कर दिया." खरेच, त्याहून नेमके मला सांगता आले नसते. त्यांच्या ओळखीतली माणसे लालबागच्या ताप्ती मिलमध्ये होती. २०२०च्या टाळेबंदीत ती सरकारी गिरणी थांबली, ते ऐकताना मी गप्पच बसलो.

आता दुसरी गोष्ट, आपल्या गावातून माणूस तयार ठेवण्याची. बऱ्हाणपुरात पाहुणे आले की मी त्यांना कुंडी भंडारा दाखवायला नेतो. अब्दुल रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, १६१५च्या सुमारास बांधलेली ही पाण्याची व्यवस्था. सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून शहरात आणलेले, आणि वर ठरावीक अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या. वरून पाहिले तर काहीच दिसत नाही, पण खाली पाणी चालू असते. फुटबॉल क्लबची तरुणांची फळी ही अशीच असायला हवी. वर कोण आला, कोण गेला याने शहर तहानलेले राहू नये.

एफसी गोवाने ही गोष्ट बऱ्यापैकी केली आहे, आणि हे कबूल केले नाही तर माझा लेख एकतर्फी होईल. २२ ऑक्टोबर २०२५ला फातोर्ड्यावर सौदी अरेबियाचा अल-नस्र संघ आला. सगळे गाव रोनाल्डोची वाट पाहत होते आणि रोनाल्डो आलाच नाही. त्या श्रीमंत संघापुढे आम्ही २-१ ने हरलो. पण आमचा तो एक गोल कोणी केला? ब्रायसन फर्नांडिसने. गोव्याचा मुलगा, क्लबच्याच तरुण संघातून वर आलेला. ब्रँडन गेल्यानंतर सव्वा वर्षाने! मी इथे खोलीत एवढ्या जोराने ओरडलो, की घरमालक धावत वर आले. काही अपघात झाला असे त्यांना वाटले. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि गोल परत दाखवला.

"ये तुम्हारे गाँव का है?"

"हां, हमारे गोवा का."

"ये भी जाएगा एक दिन," ते म्हणाले. आणि माझा चेहरा पाहून पुढे म्हणाले, "जाने दो. दूसरा आएगा. करघा चालू रहना चाहिए."

मी आता स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. उन्हाळ्यात एखादा खेळाडू गेल्याची बातमी आली की शिवी तोंडात येण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. त्याचा करार संपला होता का? क्लबने त्याला वेळेवर नवा करार देऊ केला होता का? आणि त्याच्या जागी आपल्या पोरांपैकी कोणी तयार आहे का? पहिल्याचे उत्तर "हो" असेल तर खेळाडूविषयी बोलायचा आपला हक्क तिथेच संपतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे क्लबकडे मागायची, आणि मिळेपर्यंत मागत राहायची.

मंदार मुंबईनंतर ईस्ट बंगालला गेला, मग चेन्नईला. दर ठिकाणी नवी जर्सी, नवी भाड्याची जागा, दर वेळी घरापासून दूर. मी एका बदलीतच इतका कासावीस झालो, की आईचा फोन आला तर ती आधी माझ्या जेवणाचेच विचारते. मंदारच्या घरीही तसेच विचारत असतील. २०२१च्या मार्चमध्ये त्याच्या त्या फोटोवर मी जे काही बोललो होतो, ते मी इथे जाहीरपणे मागे घेतो. त्याच्यापर्यंत हे पोचणार नाही. पण बोललो होतो तेही त्याच्यापर्यंत पोचले नव्हतेच.

आईचा कालच फोन होता. छपराचे काम पावसाआधी होते की नाही विचारत होती.